चाळीस मणी

दुपारचे साडेतीन वाजायला आले की आमच्या दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नसे. कोणी स्टुलावर, कोणी रिकाम्या खोक्यांवर, उरलेले खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभे. सगळ्यांचे डोळे कामाच्या टेबलावरच्या एका करड्या पेटीकडे.

साडेतीन वाजले. खट्. पेटीवरचे हिरवे आकडे आपोआप उजळले.

"आले!" शेजारची शिंपीण माझा दंड धरून म्हणाली. "काकू, काका आले!"

ती पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. दुरुस्तीला आलेल्या वस्तूला हवा तेवढाच वीजदाब मोजून देणारं यंत्र. पाच आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी दुपारी, तिच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या माझे यजमान गेले. दुसऱ्या दिवसापासून ती रोज साडेतीनला आपणहून सुरू होऊ लागली. आकडा खालून एकदम तीस व्होल्टवर चढे, पुन्हा खाली येई, प्रत्येक वेळी आत खट् वाजे. समोरची बटणं दाबून पाहिली तर यंत्र दाद देत नसे. अर्ध्या तासानं आपोआप बंद.

एवढं भांडवल निरोप्याला पुरेसं होतं. गेलेल्यांचे निरोप आणतो, म्हणून लोक त्याला निरोप्या म्हणत. पहिल्या आठवड्यात तो सांत्वनाला आला आणि दुसऱ्या आठवड्यात यांच्या खुर्चीत बसला. येताना स्वतःची उशी घेऊन आला होता.

"आत्मा म्हणजे काय? करंट!" तो डोळे मिटून सांगे. "आणि करंट म्हणजे काय? आत्मा!"

"एवढं सोपं शाळेत का नाही शिकवत?" कोणीतरी कौतुकानं विचारी.

मग प्रश्न. निरोप्या हातातली मण्यांची माळ ओढत राही, ओठ हलवी आणि शेवटी प्रश्न विचारी. तो विचारतो न विचारतो तोच यंत्रातून खट्. खट् म्हणजे होकार. एकदाही चुकलं नाही. हरवलेली अंगठी घरातच आहे ना? खट्. मुलाला नोकरी लागेल ना? खट्. अंगठी सापडली नाही ती नाहीच, पण ती गोष्ट कोणी काढली नाही.

आता माझं ऐका. तो आवाज कशाचा, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तरुणपणी आम्ही दोघं एकाच मोजमापाच्या प्रयोगशाळेत होतो. तेव्हा यंत्रांना काटे असत. हे वाकून काटा वाचत आणि म्हणत, "लिही." मी आकडा लिही. लग्न व्हायच्या आधी वर्षभर आमच्यात तेवढाच एक शब्द झाला असेल. पुढे काटे गेले, आकडे आले, हुकूम कॉम्प्युटरवरून तारेतून जाऊ लागले. यांनी दुकान टाकलं तेव्हाही वही माझ्याचकडे राहिली.

म्हणून ते खट् ऐकलं आणि मी समजले. उठून बंद करायला हवं होतं. उठले नाही. दुकानाला लागूनच्या स्वयंपाकघरात बसून राहायची, भिंतीपलीकडे खट् वाजायचं, आणि घरात कोणीतरी काम करतंय असं वाटायचं. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. चहा गार होई, मी तो तसाच पिऊन टाकी. लोक जमले, निरोप्या आला, मी बघत राहिले. कोणाचं काय बिघडतंय, असं मीच मनाशी म्हणत होते.

पाचव्या आठवड्यातल्या बुधवारी बिघडलं.

माझ्या धाकट्या लेकीच्या गळ्यात गाठ होती. तपासणीचा अहवाल वाईट आला होता. सर्जननी शुक्रवार दिला होता आणि बजावलं होतं, "पुढं ढकलू नका, पसरेल." बुधवारी धाकटी निरोप्यासमोर जाऊन बसली. त्यानं माळ ओढली. "मुलीनं अंगाला सुरी लावून घेऊ नये, हीच तुमची इच्छा ना?"

खट्.

संध्याकाळी ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, मी शुक्रवारी जाणार नाही. बाबा नको म्हणाले."

"बाबा कधी कुणाला नको म्हणाले होते?"

"तुला ना, कशाचंच काही वाटत नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

गुरुवारी मी यांचं मनगटी घड्याळ घालून दुकानात गेले आणि निरोप्याच्या अंगठ्यावर नजर ठेवली. एका सेकंदाला एक मणी. खट् वाजलं की नवी मोजणी. तिसाव्या मण्याला तो प्रश्न सुरू करी, चाळिसाव्याला संपवी. यंत्र दर चाळीस सेकंदांनी खट् करत होतं. प्रश्न असो वा नसो.

"मला यांना काही विचारायचंय," मी म्हणाले.

"विचारा माई. पण माझ्या तोंडून."

"अडतीस वर्षं थेट बोलले. आता मध्ये दलाल कशाला?"

खिडकीतून कोणीतरी हसलं. मी घड्याळ पाहिलं. तीस. पस्तीस. "धाकटीनं उद्या ऑपरेशन करून घ्यावं ना?"

खट्.

धाकटी ताडकन उभी राहिली. निरोप्या मात्र हलला नाही. "आत्म्याचंही मत बदलतं, माई. काल वेगळं, आज वेगळं."

"बरं. मग अजून एक विचारते." मी पदर सावरला, चष्मा पुसला, तेवढे सेकंद जाऊ दिले. "या गृहस्थांनी तुमच्या खुर्चीतून उठावं ना?"

खट्.

आता सगळी खिडकी हसली. मी शिंपिणीकडे वळले. "तू विचार. लगेच."

"मी? अगं बाई... काका, सुखात आहात ना?"

यंत्र गप्प. शिंपिणीचा चेहरा पडला. ती रडवेली होऊन माझ्याकडे बघू लागली, आणि बऱ्याच वेळानं, कोणी काहीच विचारलेलं नसताना, खट् वाजलं.

"काका सुखात नाहीत असं नाही गं," मी म्हणाले. "तू चुकीच्या मण्यावर विचारलंस."

मग टेबलाखालचं फडकं ओढलं. मागे यांचा जुना कॉम्प्युटर चालूच होता. त्याची तार पेटीच्या पाठीत शिरली होती. पेटीवर 'रिमोट' लिहिलेला छोटा दिवा पेटलेला सर्वांना दाखवला. "हुकूम तारेतून येत असले की समोरची बटणं चालत नाहीत. तो गुण यंत्राचा. भुताचा नाही."

कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला. त्यावर एकच ओळ होती. धाकटीनं ती मोठ्यानं वाचली. "मोठ्या मीटरचं रीडिंग द्या."

"यंत्र म्हणतं, मी तीस देतोय," मी सांगितलं. "ते खरं की खोटं, हे बाहेरच्या मीटरनं मोजायचं आणि तो आकडा यंत्राला कळवायचा. म्हणजे ते आपली चूक सुधारतं; हेच कॅलिब्रेशन. बाबांनी त्या मंगळवारी हे काम सुरू केलं होतं. कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं, रीडिंग येईपर्यंत दर चाळीस सेकंदांनी खाली-वर करत राहा. अर्ध्या तासात नाही आलं तर उद्या साडेतीनला पुन्हा. रीडिंग कोणी दिलंच नाही, म्हणून आतला स्विच रोज खट् खट् करत राहिला."

निरोप्यानं उशी काखेत मारली. "श्रद्धा नसली की असं होतं," तो दारातून म्हणाला.

मोठा मीटर कपाटाजवळ जोडलेलाच होता. आता फक्त दोन आकडे द्यायचे होते. माझा हात पुढं होईना. ते दिले की खट् संपणार होतं. धाकटी माझ्याकडे बघत होती, गळ्यावर हात ठेवून.

मी चष्मा लावला. खालचा आकडा वाचला, टाइप केला. यंत्र वर गेलं, खट्. पडदा वरचा आकडा मागू लागला. पेटी म्हणत होती तीस. मीटर म्हणत होता एकोणतीस पूर्णांक चौऱ्याण्णव. सवयीनं मी तो आकडा मोठ्यानं म्हटला आणि क्षणभर थांबले. "लिही" कोणी म्हणालं नाही. मी लिहिला.

'कॅलिब्रेशन पूर्ण. नोंद झाली.'

हिरवे आकडे विझले. रिमोटचा दिवा गेला. धाकटीनं पुढं होऊन समोरचं बटण दाबलं. या वेळी यंत्रानं ऐकलं.

"म्हणजे बाबा नव्हतेच?"

"बाबा त्या मंगळवारीच गेले. काम तेवढं अर्धं राहिलं होतं."

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही हॉस्पिटलात होतो. दुपारी सर्जन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, गाठ पूर्ण निघाली, पुढचं तपासणीनंतर कळेल. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेतीन होऊन गेले होते.

हे लिहिते आहे ते निरोप्यासाठी नाही. त्याला माळ मोजता येते, तो दुसरं दुकान शोधील. लिहिते ते माझ्यासारख्यांसाठी. माणूस गेलं की आपल्या आतलं यंत्र चुकीचा आकडा दाखवू लागतं, आणि आपल्याला तो खराच वाटतो. तेव्हा बाहेरचा मीटर लावा. ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही, तिला हात जोडण्याआधी तिची तार कुठं जाते ते वाकून बघा. आणि ठाऊक असेल तर बोला. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी आवाज ऐकत बसले होते.