दुसरी डिस्क

नोव्हेंबर तोंडावर आला की बिश्केक शहर घरं उबदार ठेवायला नळांतून घरोघरी गरम पाणी सोडतं, आणि दरवर्षी कुठला ना कुठला जुना नळ फुटतोच. यंदा तो लोकगीत संस्थेच्या तळघरात, नेमका बेगिमाईच्या सर्व्हरच्या डोक्यावर फुटला. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती तिने तीन सर्व्हरवर ठेवल्या होत्या, पण तिन्ही त्या एकाच नळाखाली.

"सगळं ढगात आहे म्हणायचीस ना?" बादलीने पाणी उपसता उपसता एर्मेक म्हणाला. तो तिचा सहकारी. "ढगावरच पाऊस पडला की."

"दात काढू नकोस. ग्रंथालयाच्या इमारतीत बॅकअप आहे. दुपारपर्यंत सगळं उभं करते."

तिला खरंच काळजी नव्हती. संस्थेने अडगळीत टाकलेली यंत्रं गोळा करून, ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर हा क्लाउड तिने एकटीने उभारला होता. त्यावरच्या प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या संगणकाची, नक्कल रोज ग्रंथालयात जाई आणि सकाळी तिच्या फोनवर हिरवी खूण येई. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. ती खूण पाहिल्याशिवाय बाई चहा पीत नसे.

त्यातल्या एका मशीनमध्ये संस्थेसाठी गाणी गोळा करणाऱ्या साबिरा आपायचं, म्हणजे साबिराताईंचं, सगळं आयुष्य होतं. मयताच्या घरी बायका भिंतीकडे तोंड करून जो शोक गातात, तो कोशोक. आपायनी तीस वर्षं डोंगरातल्या गावोगावी, मयतांना जाऊन जाऊन तो टेपवर घेतला होता. एरवी तो मिळतच नाही. घरात कुणी गेलेलं नसताना कोशोक गायला की मरण दारात येतं म्हणतात, त्यामुळे कितीही विनवण्या करा, कुणी तोंड उघडत नाही. चारशे बारा बायका गायल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक आता स्वतःच मातीआड झाल्या होत्या.

कॅसेटींना बुरशी लागली होती. "टाकून द्या आपाय, किती दिवस कवटाळून बसणार?" असं तीन वर्षांपूर्वी बेगिमाईच म्हणाली होती. "माझ्याकडे आहे ना सगळं." आपायनी निमूटपणे खोकी कचऱ्याच्या गाडीत घातली होती.

दुपारी ग्रंथालयातल्या नकलेवरून मशीन सुरू झालं. यादी जशीच्या तशी आली: नाव, गाव, तारीख. बेगिमाईने पहिलं नाव दाबलं. काही ऐकू आलं नाही. तिने दुसरं दाबलं, तिसरं दाबलं, मग आवाज वाढवून पाहिला.

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. गाणी मावेनाशी झाली तेव्हा मशीनला दुसरी डिस्क तिनेच जोडली होती आणि सगळी गाणी तिच्यावर हलवली होती. बॅकअप फक्त मशीनची मूळ डिस्क उचलत होता. नंतर जोडलेल्या डिस्कचा बॅकअप वेगळा सांगावा लागतो, तसं माहितीपुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं. ते तिने आता वाचलं. बैल गेला आणि झोपा केला. हिरवी खूण बिचारी खोटं बोलत नव्हती. सांगितलेलं काम झालं, एवढंच ती रोज कळवत होती. तीन वर्षांत ती नक्कल एकदा उघडून पाहायला बेगिमाईला कुणी अडवलं नव्हतं.

भिजलेल्या डिस्का दुरुस्तीवाल्याने तिसऱ्या दिवशी परत केल्या. "एजे, यात आता काही उरलं नाही," तो थोरल्या बहिणीला सांगावं तसं म्हणाला.

चौथ्या दिवशी ती आपायच्या घरी गेली. आपायनी चहा ओतला, पाहुण्यासाठी ओततात तसा, अर्धाच पेला. म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो आणि माणूस बसून राहतं. बेगिमाईने एका दमात सगळं सांगून टाकलं, कॅसेटी टाकायला आपणच लावल्या तेही. आपाय कितीतरी वेळ टेबलावरचं कापड सारखं करत राहिल्या.

"माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला."

"मग म्हणू नकोस. चहा गार होतोय." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझ्या आजीचा ऐकला होतास का गं? बुरुल एजेचा. तुझे आजोबा गेले तेव्हाचा."

"नाही."

"एकदाही नाही?"

"आहे ना, म्हटलं. ऐकू कधीतरी."

आपाय रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि खोलीकडे पाठ करून सतरंजीवर बसल्या.

बेगिमाई घाबरली. "आपाय, नको. घरात कुणी गेलेलं नाही."

"चारशे बारा गेल्या," आपाय म्हणाल्या, आणि त्यांनी बुरुलचा कोशोक म्हणायला घेतला.

*घोडा सोडून गेलास, लगाम माझ्या हाती राहिला,*
*हिवाळा येऊन टेकला, दार कोण लावील मला...*

आवाज थकलेला होता, पण सूर पक्का होता. तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या. पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडल्या.

"पुढचं येत नाही," त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "टेप चालू असायची ना. पाठ कशाला करू, म्हटलं."

बेगिमाई त्यांच्या शेजारी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आजीचं गाणं ती आज पहिल्यांदाच ऐकत होती, आणि ते दोनच ओळींचं होतं.