आप्पांभोवतीचा तरवड

राजेश्वर मपला धाकटा भाऊ. बीडला सिमेंटची एजन्सी हाय त्याची, आन् डोक्यातबी तेच भरलंय. हे मी त्याच्या तोंडावर बोलते, मागं न्हाई.

आमच्यात माणूस गेलं की जाळत न्हाईत, बसवून माती देतात. आमच्या बापाला, आप्पांना, नेकनूरच्या आमच्या रानातच दिली, मुरमाड उतारावर. "मपल्यावर दगड ठिवू नका," असं ते सांगून गेलते. म्हणून नुसता मातीचा उंचवटा केला. तो दर पावसात थोडा थोडा वाहून चालला. बघून जीव तुटायचा मपला.

मग म्या तिथं तरवड लावला. गीताबाई शेजारीण हसली, "अगं, पडीक रानातलं झुडूप कुणी पेरतं व्हय?" पेरतं! तरवडाला शेळी तोंड लावत न्हाई, आन् मुळ्या माती धरून ठिवतात. बी मातूर लई टणक. दगडावर घासा, गरम पाण्यात भिजवा, मग दुधाच्या पिशवीत लावा. मधल्या जागेत कोरांटी लावली, ती बुटकी आन् दाट पसरते. तिची बोंडं वाळली की टचकन फुटतात, बी कुठल्या कुठं उडतं. फडकी बांधून बी धरलं म्या. औंदा आप्पांभोवती पिवळं रिंगण झालतं, आन् माती जागची हालली न्हवती.

काल राजेश्वरचा फोन आला. "आक्का, पुण्यतिथीला कंपनीचे विजयसिंह साहेब येणार हायत. आप्पांवर झकास चबुतरा बांधू. रान साफ करून घेतलंय."

"साफ म्हंजे?"

"जेसीबी फिरवला. लई झाडोरा माजलता."

मी तशीच रिक्षा करून रानात गेले. उतार अंगणासारखा सपाट! तरवड, कोरांटी, सगळं फुलांसकट उपटून बांधाला ढीग घातलता. उंचवटाबी गेलता. राजेश्वर गवंड्याला, सुग्रीवला, मोबाईलमधी चबुतऱ्याचे फोटो दाखवत उभा.

"मुडद्या, कुणाला इचारून केलंस?" मी वरडले. "आप्पा दगड नको म्हणले, आन् तू त्यांच्या डोस्क्यावर फरशी घालतो? कावून? साहेबाला उभं ऱ्हायला?"

"झुडपंच हुती की आक्का. परत येतील." वर दात काढतो!

सुग्रीव दोरी सोडत म्हणला, "मालक, पाया कुठं आखू? आप्पा नेमके कुठं हायत?"

राजेश्वरनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. त्याचं तोंड उतरलं. "आक्का, तू सांग की. तू तर रोज येत हुतीस."

मी चार पावलं खाली गेले. परत वर आले. सगळा मुरूम एकसारखा. मला तरी काय ठावं? मी झुडपं बघून यायची, झुडपं बघून पाया पडायची.

म्या राजेश्वरची कॉलर धरली. "बोल की मुडद्या! बाप कुठं हाय आपला?"