डावं फूल

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. आनेकलकडच्या खाणीत नुसता दगड म्हणून पडून होते. एका पाथरवटानं मला घडवलं आणि जयनगरच्या बाजारातून गोजराबाईंनी घरी नेलं. रोज पहाटे त्या माझ्यावर चंदन उगाळायच्या आणि भवानीच्या पितळी मूर्तीला गंध लावायच्या. चंदनासारखं झिजावं, असं सगळे म्हणतात. सहाणही झिजते, पण तिचं नाव कोण घेतो? असो, मी खुशीत होते.

पुढे गोजराबाईंचे हात दुखू लागले. त्यांचा एकुलता एक मुलगा अभिमन्यू आईवर जीव टाकणारा. त्यानं तयार गंधाची बाटली आणली आणि माझी रवानगी वजन म्हणून इडलीच्या पिठाच्या झाकणावर झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग अभिमन्यू आजारी पडला. तापाचं निमित्त झालं आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. गोजराबाई दिवसभर त्याच्या उशाशी बसायच्या. एका संध्याकाळी त्याचे वडील हंबीरराव घरी कौल लावायला बसले. कौलाला बाटलीतलं गंध चालत नाही, म्हणून त्यांनी मला धुऊन घेतलं. ओल्या गंधानं भवानीच्या दोन्ही खांद्यांना एकेक फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार.

"माझं पोरगं वाचेल का?" त्यांनी विचारलं.

डावं पडलं.

तेवढ्यात गोजराबाई दारात आल्या. "काय म्हणाली भवानी?"

त्यांचा भेदरलेला चेहरा हंबीररावांना बघवला नाही. "उजवं पडलं, गोजरा. पोरगा घरी येतोय."

मित्रांनो, देवीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! गोजराबाईंची भीती पळाली. त्या दवाखान्यात परत गेल्याच नाहीत; लेकाजवळ हंबीरराव जाऊन बसले. लेकाची खोली धुतली, चादरी काढल्या. दुसऱ्या दिवशी अभिमन्यू गेला, तेव्हा त्या त्याची उशी उन्हात घालत होत्या.

त्यांनी देव्हाऱ्याचं दार लावून टाकलं. "शब्द मोडणारीचं तोंड मला बघायचं नाही," म्हणाल्या. अन्नावरचीही वासना उडाली. शेवटी एका दुपारी हंबीररावांना राहवलं नाही.

"भवानीला बोल लावू नकोस, गोजरा. डावंच पडलं होतं. खोटं मी बोललो."

गोजराबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मग मला त्याच्याजवळ बसू द्यायचं होतंत! तो मला विचारत होता का हो?"

हंबीररावांनी 'हो' म्हणून मान हलवली. त्या माऊलीनं असा हंबरडा फोडला, की मी दगड असून माझं काळीज फाटलं.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या आणि देव्हाऱ्याचं दार उघडलं. "पोरगा वाचेल, असं भवानी म्हणाली नव्हती," त्या पुटपुटल्या. "पण तुला टाकीन, असंही कधी म्हणाली नाही. बरं, असू दे."

दुखऱ्या हातांनी त्यांनी माझ्यावर चंदन उगाळलं, भवानीला लावलं आणि तेच बोट हंबीररावांच्या कपाळाला टेकवलं.

मित्रांनो, देवावर भरवसा ठेवा, संकटात तर ठेवाच. पण त्यानं न दिलेला शब्द त्याच्या नावावर कुणाला देऊ नका. घाबरलेल्या माणसाला खरं सांगा आणि त्याच्या शेजारी बसून राहा. अभिमन्यूचे डोळे शेवटपर्यंत दाराकडे लागले होते, असं हंबीरराव त्या दुपारी म्हणाले.