विहीणबाईंचं औषध

मास्तरांनी बत्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शेजारच्या सीटवर बसून त्यांनी हजारो लोकांना रस्त्यावर आणलं, अर्थात चांगल्या अर्थाने. माणूस नाकावर माशी बसू न देणारा. पण त्यांच्या जठरात कॅन्सरची गाठ निघाली आणि मुलाने पहिलं काम काय केलं, तर गाडीची किल्ली काढून घेतली. सुनेने ती कुठे लपवली, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक नव्हतं.

आज त्यांना हॉस्पिटलात नेण्याची कामगिरी विहीणबाईंवर, म्हणजे सुनेच्या आईवर आली होती. गाडीही त्यांचीच.

"क्लच सावकाश सोडा," मास्तर म्हणाले.

"गाडी ऑटोमॅटिक आहे."

"मग ब्रेक तरी सावकाश दाबा."

विहीणबाईंनी मुद्दाम जोरात दाबला.

झालं होतं असं. पंधरवड्यापूर्वी घशातून दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढला, तो कॅन्सर आहे की नाही हे ठरवण्यातच संपला. गाठ यकृतापर्यंत पोचलेली, तेव्हा ऑपरेशन नाही, सगळी भिस्त औषधांवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरून सारख्या दिसल्या तरी प्रत्येकाची गाठ आतून वेगळी असते. तिची जनुकं तपासली तर तुमच्यासाठी नेमकं औषध मिळू शकतं. मिळेलच असं नाही. पण त्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागेल."

मास्तरांनी कानांवर हात ठेवले. "सगळ्यांना देता तेच मलाही द्या!"

नळीचा त्रास होतो, हे सांगायचं कारण. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी नुसतीच मान हलवली, तर? परीक्षेलाच बसलं नाही तर निदान नापास तरी होत नाही, असा त्यांचा हिशेब. आणि हा हिशेब, लायसन्सच्या परीक्षेला घाबरणाऱ्या प्रत्येकाला पाठीत धपाटा घालून पाठवणाऱ्या माणसाचा! शेवटी "चौकापर्यंत येतो, पुढचं पुढे" या बोलीवर ते गाडीत बसले होते.

चौक आला. विहीणबाईंनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि वळसा घालून मास्तरांचं दार उघडलं. हातात किल्ली.

"उतरा. तुम्ही चालवा."

"मी? पोरांनी बजावलंय तुम्हाला, किल्ली देऊ नका म्हणून."

"पोरांना काय कळतंय! गाठ पोटात आहे, पायात नाही. हे बघा मास्तर, डावीकडून वळसा घेतला की परत घर, उजवीकडे हॉस्पिटल. न्याल तिकडे येते मी. घरी नेलंत तर माझ्या लेकीची समजूत मी काढीन."

गाठ निघाल्यापासून कोणी मास्तरांना विचारून एकही गोष्ट ठरवली नव्हती. चहात साखर किती, हेसुद्धा नाही. ते चालकाच्या जागी बसले. सीट मागे घेतली, आरसा नीट केला, पट्टा लावला. गाडी सुरू केली आणि तसेच बसून राहिले.

"आणि काहीच निघालं नाही तर?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"तर सगळ्यांचं औषध आहेच की. ते कुठे पळून जातंय?"

मास्तरांनी उजवीकडचा दिवा लावला.

या खेपेला डॉक्टरीणबाईंनी एक सोडून आठ तुकडे काढले. पुढचे तीन आठवडे घरातल्यांनी देव पाण्यात घालून काढले. रिपोर्ट आला त्या दिवशी मास्तरांनी बरोबर विहीणबाईच हव्यात असं सांगितलं. मुलगा जरा फुगला.

"एका जनुकाच्या प्रती भरमसाट वाढल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाचांतल्या एखाद्याच्याच गाठीत हे सापडतं. यावर औषध आहे. नेहमीच्या औषधांबरोबर सलाईनमधून देऊ. सगळं बरं होईल असं वचन नाही देत, पण गाठ आकसायला चांगली मदत होते."

कागदावरचं नाव वाचून विहीणबाई ताडकन उठल्या. "अहो, हे तर माझंच औषध! तीन वर्षांपूर्वी मला स्तनाच्या गाठीसाठी दिलं होतं ते!"

"जनुक तेच. फक्त जागा वेगळी."

"म्हणजे बायकांचं औषध?" मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"औषधाला मिशा दिसत नाहीत, मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तर बाहेर बाकावर येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "विहीणबाई, पहिल्या दिवशी काय होतं हो?"

"थोडी हुडहुडी भरते. पांघरूण न्यायचं. खिडकीजवळची खुर्ची धरायची. आणि मी रडले होते."

"इतकं दुखतं?"

"छे! वाटलं, चला, आपल्यासाठीही काहीतरी आहे."

"मी फार घाबरलो होतो," मास्तर म्हणाले. "मला वाटलं होतं, माझ्यासाठी काही नसणारच."

"मग रडा की आता."

"इथे? लोक बघतील."

"बघू देत."

आणि मास्तर असे मोकळे होऊन रडले, की पलीकडची नर्स पाण्याचा पेला घेऊन धावत आली. "काय झालं आजोबांना? वाईट बातमी का?"

"नाही गं," विहीणबाई डोळे पुसत हसल्या. "औषध सापडलंय."