नख लावलेले चिकू

चिंचणीत रामनाथच्या चिकूला नाव होते आणि रामनाथला चिकू बंद होता. दिवाळीनंतर बोईसरच्या डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट पाहून तसे बजावले होते. गोड बंद, भात अर्धा, आणि चिकूकडे तर बघायचेसुद्धा नाही. जन्मभर चिकूच्या वाडीत राबलेल्या माणसाला असे सांगणारा डॉक्टर अजून कच्चाच असणार, असे रामनाथचे ठाम मत होते. त्याच्या बायकोचे, सुलूचे मत निराळे होते. ती रोज सकाळी वाटीभर कारल्याचा रस घेऊन समोर उभी राही आणि तो घशाखाली उतरल्याशिवाय हलत नसे.

वाडीतला देखणा माल बाजारात जाई. बारका, वेडावाकडा चिकू घराच्या मागच्या खोलीत पेंढ्यात पिकत पडे. त्यातला थोडा पालघरच्या लेकीला आणि थोडा आल्यागेल्याला. दुपारी सुलू आडवी झाली की त्या खोलीचा वास ओटीपर्यंत येई आणि रामनाथचे पाय तिकडे वळत. मागून पावट्या निघे. पावट्या म्हणजे घरचा कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला, आणि रामनाथवर अपार जीव. त्याने भुंकून घर उठवू नये म्हणून रामनाथ प्रत्येक चिकूतला अर्धा त्याला देई. भागीदारी अगदी चोख चालली होती.

एके दिवशी सुलू अवचित उठून आली. रामनाथने कसाबसा घास गिळला. तेवढ्यात त्याला पावट्याच्या तोंडातली साल दिसली.

"बघ तुजा लाडका!" तो म्हणाला. "नाकानं कडी काढून आत शिरलाय. आवाज आला म्हणून मी धावत आलो."

पावट्याने शेपटी हलवली. सुलूला तो कबुलीजबाबच वाटला. मग काय, रामनाथला रानच मोकळे मिळाले. रोज चिकू खावा, साली-बिया नेऊन पावट्याच्या गोणपाटावर टाकाव्यात आणि संध्याकाळी आपणच त्याला चार शिव्या घालाव्यात. कडी काढणारा कुत्रा बघायला शेजारची माणसेही येऊन गेली. त्यांच्यासमोर पावट्याने काही कडी काढली नाही, तेव्हा "माणसांना लाजतो तो" असे रामनाथने सांगितले आणि सगळ्यांना ते पटले.

पौषात थंडी पडली आणि पेंढ्यातले चिकू पिकायला वेळ लावू लागले; रोज पिकलेला एखादा शोधून काढावा लागे. त्याच दिवसांत वाडीत फावडे लागून रामनाथच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. एरवी अशा जखमेकडे त्याने पाहिलेही नसते. ही मात्र सुकेना. सुलूने हळद लावली, डॉक्टरांकडून मलम आणले, कारल्याची वाटी मोठी केली. जखम होती तशीच राहिली. पावट्या बिचारा येता-जाता ती चाटून जाई.

एकदा त्याला चाटताना सुलूने पाहिले आणि तिने निकालच दिला.

"गोड खातो आणि तेच तोंड जखमेला लावतो. मग कशी सुकंल? धीरजला बोलावते. सरावलीला त्याच्या गोडाऊनवर राहील साखळीला."

धीरज म्हणजे रामनाथचा पुतण्या. सकाळीच तो टेम्पो घेऊन हजर झाला. त्याने पावट्याच्या गळ्यात दोरी घातली. कुठेतरी फिरायला न्यायचे आहे असे वाटून पावट्या आपणहून टेम्पोत चढला आणि रामनाथसाठी बाजूला सरकून बसला. ते पाहून रामनाथ पुढे झाला.

"सुलू, थांब. चिकू मीच खाल्ले. रोज खाल्ले. कुत्र्यानं काय नाय केलं."

सुलूचे डोळे भरून आले.

"मुक्या जनावरासाठी सगळं सोतावर घेताय? किती मऊ काळीज हो तुमचं!"

"काका म्हंजे देवमाणूस," धीरज म्हणाला आणि त्याने दोरीला आणखी एक गाठ मारली.

एवढ्या वर्षांच्या संसारात सुलूने त्याच्याकडे असे कौतुकाने कधी पाहिले नव्हते. क्षणभर रामनाथला मोह झाला. देवमाणूस होऊन गप्प बसावे, कुत्रा काय, सरावलीलाही जगेल. तेवढ्यात टेम्पोतून पावट्याने त्याच्याकडे पाहून एकदा भुंकून घेतले, लवकर चढ म्हणून.

रामनाथ लंगडत मागच्या खोलीत गेला आणि पाटीभर चिकू आणून त्याने सुलूच्या पुढ्यात ओतले. सगळे टणक, सगळे कच्चे, आणि प्रत्येकावर नखाचा एकेक ओरखडा.

"चिकूवाल्याची खोड हाय ही. नख मारून साल बघायची. हिरवी निघाली की परत पेंढ्यात झाकायचा. सांग, कुत्रं असं करतं काय?"

सुलूने एक चिकू उचलला. मग रामनाथचा हात धरून त्याचा अंगठा त्या ओरखड्यावर टेकवला. नख बरोबर बसले. नखाखाली चिकाची काळी रेघही होती. धीरजला हसू फुटले, पण काकीचा चेहरा पाहून त्याने ते गिळले आणि मुकाट्याने दोरी सोडायला घेतली.

सुलू ओरडली असती तर बरे झाले असते. ती पायरीवर बसली.

"मला वाटायचं, माज्याच हाताला गुण नाय. रोज कारली वाटते, रोज जखम बघते. तुमचा पाय कापायला लागतोय असं सपान पडतं मला. आणि तुमी खोलीत बसून चिकू खाताय?"

रामनाथला लाज वाटली, खरीखुरी लाज. इतके दिवस त्याला ही सगळी कुत्र्याची गंमत वाटत होती. त्याने कान पकडले. सुलू आत गेली, नेलकटर घेऊन आली आणि तिने त्याच्या हाताच्या अंगठ्याचे नख मुळापर्यंत कापून टाकले.

"खोलीला कुलूप आणू काय, काकी?" धीरजने विचारले.

"कशाला? पावट्या हाय ना," सुलू म्हणाली. कुत्र्याच्या भरवशावर खोली सोडली, हे ऐकून रामनाथला मनातून हसू आले.

शिमग्यापर्यंत साखर उतरली आणि जखम सुकली. ऊन तापू लागले तसे चिकू भराभर पिकायला लागले. एका दुपारी सुलूचा डोळा लागला होता आणि वास पार ओटीवर आला होता. खायचा नाही, फक्त जवळून वास घ्यायचा, असे स्वतःला बजावून रामनाथ चवड्यांवर निघाला. कडीला हात लावला मात्र, कुठून तरी पावट्या उधळत आला. अख्खी थंडी अर्धा वाटा खाल्लेला तो भागीदार! आता पुन्हा चिकू मिळणार म्हणून त्याने उड्या मारल्या, गिरक्या घेतल्या आणि भुंकून सगळी आळी डोक्यावर घेतली.

"गप रे, गप!" रामनाथ दातओठ खात कुजबुजला.

आतून सुलूचा आवाज आला. झोपेचा त्यात मागमूसही नव्हता.

"अवो, कारल्याचा रस उरलाय वाटीभर. तिकडंच आणू काय?"