लॅमिनेशन केलेली कोल्हीण

मी एक कोल्हीण बोलतेय. खरी नव्हे, छापलेली. जपानातली मुलं एक खेळ खेळतात, त्यातलं तळहाताएवढं कार्ड आहे मी. अंगावर पांढरी कोल्हीण, शेपटीला सोनेरी झाक, वर-खाली जपानी अक्षरं. लोक मला 'ते कार्ड' म्हणतात. म्हणू देत. मी बाई आहे आणि बाईसारखीच बोलणार.

आधीच सांगून टाकते, मी जळते. मनापासून जळते. कुणावर? तर माझ्या सख्ख्या बहिणीवर. एकाच कारखान्यात, एकाच शाईत आम्ही दोघी छापल्या गेलो. तिच्या शेपटीला एक केस जास्त नाही, माझ्या शेपटीला एक कमी नाही. तरी ती कुठे आणि मी कुठे, ते ऐका.

आम्हाला इकडे आणलं एका जपानी साहेबाने. खोपोलीच्या एका कारखान्यात तो मशीन बसवायला आला आणि आठ महिने राहिला. जरा तिखट लागलं की त्याचे कान लाल व्हायचे. त्याचा डबा उज्वला करायची. तांदळाची भाकरी, बिनतिखटाचं वरण, वाफवलेली भाजी. तो डबा गेटापर्यंत पोचवायची तिची थोरली जाऊ, मालनबाई. परत जाताना साहेबाने लहानपणापासून जपलेल्या आम्हा दोघींना जाड पुठ्ठ्याच्या पाकिटातून काढलं आणि दोघी जावांना एकेक दिली. रांधणारीला एक, पोचवणारीलाही एक. उज्वला तिथे हसली, पण घरी येऊन तिने भांडी अशी आपटली की मला कळलं, माझी बाई माझ्यासारखीच आहे.

तिने मला जिवापाड जपलं. ह्या घरात जे जपायचं ते लॅमिनेट करायचं, अशी रीतच आहे. आधार, जातीचा दाखला, पोराची मार्कशीट, सासऱ्यांचा एकुलता एक फोटो, सगळं त्या चकचकीत प्लास्टिकात. मलाही झेरॉक्सच्या दुकानात नेलं. यंत्रातून जाताना असा चटका बसला की विचारू नका, पण बाहेर आले ती आरशासारखी. मग सासऱ्यांच्या फोटोखाली खिळ्याला मला अडकवलं. येईल त्याला उज्वला सांगायची, जपानच्या सायबानं दिलंय, माझ्या हातच्या जेवनासाठी.

आणि बहीण? मालनबाईने तिला शिवणकामाच्या पुस्तकात घातलं आणि पुस्तक पत्र्याच्या पेटीत टाकलं. अकरा वर्षं ना उजेड, ना हात, ना कौतुक. मी भिंतीवरून मनात म्हणायचे, बरं झालं. पड तिकडे.

यंदा मालनबाईच्या मुलीने, दीक्षाने, मोबाईलवर पाहिलं की असली जुनी कार्डं लोक विकत घेतात. तिने कर्जतच्या ऋषिकेशला बोलावलं. पस्तिशीचा माणूस, जाड चष्मा, हाच त्याचा धंदा. मालनबाईला घरावर स्लॅब टाकायचा होता, म्हणून ती आशेवर. उज्वलाही मला खिळ्यावरून काढून, पदराने पुसून तिच्याकडे घेऊन गेली. जाताना चालीत तोरा होता. माझ्याही होता.

ऋषिकेशने हात धुऊन कोरडे केले, समोर मऊ कापड पसरलं आणि आधी बहिणीला घेतलं. कोपऱ्यातला आकडा वाचला, त्याच्याशेजारचा बारीक तारा बघितला. तारा म्हणजे दुर्मीळ. मागून बॅटरी लावली. खोट्या कार्डातून उजेड आरपार येतो. तिच्यातून आला नाही. मग भिंगातून चारही कोपरे, कडा, पाठ. चित्र मधोमध आहे का, पट्टीने मोजलं. मुलगी बघायला आलेले लोक तरी इतकं बघत नाहीत. आणि ती निवांत पडून होती, जणू तिला माहीतच होतं.

"मावशी, कार्डं तपासणाऱ्या कंपनीकडून दहापैकी नऊ ग्रेड मिळेल बघा," तो म्हणाला. "नऊ मिळाली तर लाखाच्या वर जाईल. पण कोपऱ्याला नखाचा जरी डाग लागला तर सहावर येईल, मग किंमत काहीच नाही."

मालनबाईने तोंडाला पदर लावला. उज्वलाने मला पुढे केलं.

त्याने मला उलटंपालटं केलं आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. "मी," उज्वला म्हणाली. "जपायचं व्हतं म्हणून." त्याने मान हलवली. गरम प्लास्टिक अंगाला चिकटलंय, काढायला गेलं तर चित्रच निघून येईल, असल्या कार्डाला कुणी ग्रेडच देत नाही, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. शून्यसुद्धा नाही. शून्य हा तरी आकडा आहे.

मग तो वही घेऊन बसला. घेणाऱ्याला कार्डाची हकीकत लागते, कुणी दिलं, कधी, कशासाठी. ती लिहून सोबत पाठवायची होती. मालनबाई स्वयंपाकघरातून पीठ मळता मळता सांगत होती, "लिव, सायबाला माझ्या हातचं जेवन लय आवडायचं, म्हनून दिलं."

 उज्वलाच्या हाताची पकड माझ्यावर घट्ट झाली.

तेवढ्यात ऋषिकेशचा फोन वाजला आणि तो रेंजसाठी अंगणात गेला. पंख्याच्या वाऱ्याने बहीण कापडावर हलली.

"उज्वला, माझं हात पिठाचं हायेत," आतून मालनबाई म्हणाली. "त्याची ती प्लास्टिकची पिशवी घे नि कार्ड आत सरकव गं. उडंल नायतर."

उज्वलाने मला खाली ठेवलं आणि तिला उचललं. लसूण सोलून सोलून माझ्या बाईच्या उजव्या अंगठ्याचं नख दगडासारखं झालंय. ते नख त्या कोपऱ्यापाशी आलं. मी ओरडत होते, दाब. एकदाच दाब. कुणी बघत नाही. मला तोंड नाही म्हणून बरं, नाहीतर सगळ्या आळीला ऐकू गेलं असतं.

नख तिथेच थांबलं. मग तिने हात पदराला पुसले, बहिणीला कडेने धरलं आणि पातळ पिशवीत अलगद सरकवलं. कोपरा जसाच्या तसा. त्यानंतर ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"जाऊबाई, कार्ड तुमचं. जेवन माझं व्हतं. तेवढं त्याला लिवायला सांगा, नायतर मी सांगते."

 ऋषिकेश परत आला तेव्हा मालनबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "खोड ते," म्हणाली. "जेवन उज्वलाचं. मी डबा पोचवायची." आणि थोडं थांबून, "उन्हातनं चालत पोचवायची, ते बी लिव."

"लिव, लिव," उज्वला म्हणाली. "आनि डबा कधी सांडला नाय, ते बी."

दोघी हसल्या. मला नाही हसू आलं.

बहिणीला नऊ मिळाले. तिला कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद केलं, वर आकडा चिकटवला आणि ती विकली गेली. आता मला सांगा, तीही प्लास्टिकात, मीही प्लास्टिकात. तिच्यावरचं प्लास्टिक म्हणजे मान आणि माझ्यावरचं म्हणजे नुकसान, हा कुठला न्याय? तिच्याबरोबर माझ्या बाईचं नाव लिहिलेला कागदही गेला. बाई माझी, आणि नाव तिच्या सोबतीला. तेही माझ्या पोटात दुखतं.

मालनबाईच्या स्लॅबच्या सळया आल्यात. मी परत खिळ्यावर गेले नाही. ऋषिकेश येऊन गेला त्याच संध्याकाळी उज्वलाने परातीला चिकटलेली उकड काढायला हाताशी आलं म्हणून मला घेतलं, आणि मी पाण्याने खराब होत नाही हे तिला आवडलं. आता रोज वीस भाकऱ्यांचं पीठ खरवडते मी. माझ्या सोनेरी शेपटीवर तिचा अंगठा असतो, ऊन, ओला. पेटीतल्या तिला अकरा वर्षांत कुणी असं धरलं नाही, पुढेही धरणार नाही.

तरी एक विनंती आहे. कुठे काचेच्या कपाटात माझी बहीण दिसलीच, तर तिला परातीचं सांगू नका. सांगा, बरी आहे, भिंतीवर आहे.