टूरच्या गाडीतली रिकामी बादली

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची बादली आहे. मला बघून कुणी नाक मुरडलं तर मी रागावत नाही. माझी गोष्ट ऐकून मात्र तुम्ही नाक नक्की मुरडाल, आणि तेव्हा ते माझ्यामुळे नसेल.

तुर्भ्याच्या कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडले. माझ्यात भिंतीचा रंग भरून मला खारघरच्या एका उंच इमारतीत नेलं. रंग संपल्यावर रंगाऱ्याने मला धुऊन हिरामण ड्रायव्हरला दिलं. त्याने मला टूरच्या मिनीबसमध्ये मागच्या सीटजवळ ठेवलं. तेव्हापासून माझं काम एकच, गाडीतला कचरा पोटात घेणं. हे काम हलकं आहे असं मला कधी वाटलं नाही.

गाडीचा गाइड विश्वजित. तीन दिवसांत शहर, गाव आणि समुद्र अशी त्याची टूर. निघताना तो माझ्यावर टिचकी मारून सांगायचा, "पब्लिक, खिडकीतून काही टाकायचं नाही हां. आपली गाडी एकदम क्लीन!" लोक टाळ्या वाजवायचे. सुरुवातीला मी फुगून जायचे.

मग कळलं. शहरात भरलेली मी गावच्या ओढ्याकाठी उपडी व्हायचे आणि गावात भरलेली मी समुद्रावर. लोक तेव्हा जेवत असायचे. ते परत येईपर्यंत विश्वजित मला धुऊन जागेवर ठेवायचा. कचऱ्याची मला कधी किळस आली नाही. माझ्या त्या स्वच्छ, ओल्या तळाची मात्र यायला लागली.

गेल्या हिवाळ्यात कोपरखैरण्याहून ताजुद्दीनभाई आणि सफियाबी हे जोडपं गाडीत चढलं. वाशीच्या मार्केटमधला मिरचीचा धंदा मुलाच्या हाती देऊन ताजुद्दीनभाई नुकते मोकळे झाले होते. टूर ज्या किनाऱ्यावर जाणार होती तिथेच सफियाबीचं माहेर. आईवडील गेले, घर विकलं, मग तिकडे जाणंच झालं नव्हतं. लहानपणी ती आईबरोबर खाडीच्या तोंडाशी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला बसायची, वाळूत बोटं खुपसून. त्याच वाळूतल्या तिसऱ्या एकदा नवऱ्याला स्वतःच्या हाताने काढून खाऊ घालायच्या, एवढ्यासाठी ती आली होती.

"मार्केटला साफ केलेल्या मिळतात," ताजुद्दीनभाई चिडवत म्हणाले. "तुला चिखलच पायजे."

"तुमी मिरचीवाले. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

ताजुद्दीनभाईंना जेवणाआधी इन्सुलिन लागायचं. वापरलेल्या सुया सफियाबी एका काचेच्या बाटलीत ठेवायची. गावातलं जेवण झाल्यावर तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, त्यावर हिरव्या ओढणीची पट्टी गुंडाळून गाठ मारली आणि ती अलगद माझ्यात ठेवली. म्हणाली, "कुना कचरेवाल्याच्या हाताला लागायला नको."

इतक्या काळजीने माझ्यात कुणी काही ठेवलं नव्हतं.

दुपारी आम्ही समुद्रावर पोचलो. सगळे जेवायला गेले. विश्वजित मला सुरूच्या झाडांमागे, खाडीच्या तोंडाशी घेऊन गेला आणि त्याने मला उपडं केलं. बाटली दगडावर आपटून फुटली. त्याने पायाने वाळू ओढली, मला खळबळून धुतलं आणि शीळ घालत परत आणलं. मी ओरडू शकले नाही. बादलीला तोंड असतं ते फक्त भरायला.

दुसऱ्या सकाळी ओहोटीला सफियाबी गाडीशी आली. "हिरामणभाऊ, बादली द्या जरा. वा, किती स्वच्छ ठेवलीय!"

खाडीच्या तोंडाशी गावच्या बायका आधीच बसल्या होत्या. त्यांतल्या बतूलने तिला ओळखलं. "अगं सफिया! हाताला सवय हाय का अजून?"

"बघशील," ती म्हणाली आणि वाळूत बोटं खुपसली. एकेक तिसरी माझ्यात पडू लागली. जिवंत काही माझ्यात पडायची ती पहिलीच वेळ. तळाशी टकटक वाजत होतं. ताजुद्दीनभाई काठावरच्या दगडावर बसून ओरडत होते, "दोन मानसांपुरत्या काढ, होटेल नाही टाकायचं!"

तेवढ्यात तिच्या बोटाला कापड लागलं. तिने ओढलं. हिरवी पट्टी निघाली, तिनेच मारलेल्या गाठीसकट. गाठीत अडकलेलं बाटलीचं तोंड होतं. खाली काहीच नव्हतं.

ती झटकन उभी राहिली. "बतूल, हात काढा! सगळ्यांनी हात काढा वाळूतून!"

विश्वजित धावत आला. तिने ती पट्टी त्याच्यासमोर धरली.

"आंटी, टेन्शन नका घेऊ. समुद्र घेऊन जातो सगळं."

"घेऊन जातो? मग हे कुनी आनून दिलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "इथं बायका हातानं खनतात, बेटा. नाव क्लीन गाडीचं, आणि घान माझ्या माहेरात?"

तिने माझ्यातल्या तिसऱ्या पाण्यात सोडून दिल्या. मग काठीने वाळू उकरत सुया शोधल्या. ताजुद्दीनभाई गुडघे धरत खाली उतरले, विश्वजितलाही वाकावं लागलं. सुया सापडल्या. सफियाबीने मोजल्या, एक सापडली नाही. बतूलने रिकामी टोपली काखेत मारली आणि बायका निघून गेल्या. त्या पुन्हा तिथे कधी बसल्या, बसल्या की नाही, मला माहीत नाही.

परतताना, वाळूतून उकरलेल्या कचऱ्याने भरलेली मी सफियाबीच्या पायांशी होते. वाटेत गाडी थांबली की विश्वजित माझ्याकडे बघायचा. ती म्हणायची, "राहू दे." गाडीत वास सुटला, लोकांनी नाकाला रुमाल लावले. कोपरखैरण्याला तिने मला सोसायटीच्या कचरागाडीत रिकामं केलं. सुया तिने वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या औषधवाल्याच्या हातात दिल्या.

मित्रांनो, कडेला मला आता चीर गेली आहे, लवकरच मीही कचरा होईन. माझं कौतुक करू नका, मला घासूनपुसून चकचकीतही ठेवू नका. कुठल्याही गाडीत स्वच्छ, रिकामी बादली दिसली, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: ही रिकामी केली कुठे? ती एक सुई अजून त्या वाळूत आहे.